‘एज्युकेटिंग रिटा’ : प्रौढ विद्यार्थिनीची विनोदिका आणि अध्यापकापुढील काही प्रश्न

बीजशब्द : प्रौढ विद्यार्थी, मुक्त विद्यापीठ, विनोदी चित्रपट, मूल्यमापन, वर्ग आणि भाषा

प्रस्तावना

चित्रपटातील महाविद्यालय हे बहुधा तारुण्याचेच दुसरे नाव असते. कट्टा, कँटीन, स्नेहसंमेलन आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीची धावपळ एवढ्या सामग्रीवर चित्रपटीय महाविद्यालयाचा सगळा संसार उभा राहतो. अशा ठिकाणी वय उलटून गेलेला विद्यार्थी आला की तो काही न बोलताही विनोदाचा विषय ठरतो, कारण बाक त्याच्या मापाचा नसतो. ही विसंगती चित्रपटकारांनी पुष्कळ वापरली आहे. ‘बॅक टू स्कूल’ (१९८६) या अमेरिकन चित्रपटातील धनाढ्य व्यापारी मुलाच्या सोबतीसाठी महाविद्यालयात प्रवेश घेतो आणि कर्ट व्होनेगट या कादंबरीकारावरील निबंध पैसे देऊन खुद्द व्होनेगटकडूनच लिहून घेतो. तो निबंध नापास होतो. आपल्याकडील ‘मुन्नाभाई एम.बी.बी.एस.’ (२००३) मधील नायक प्रवेशपरीक्षेला स्वतः बसतच नाही. या दोन्ही चित्रपटांत प्रौढ विद्यार्थी आपल्याबरोबर काही बळ घेऊन येतो. एकाजवळ पैसा आहे, दुसऱ्याजवळ दंडशक्ती आहे. हसू येते ते महाविद्यालयाचे, आणि अखेरीस बदलते तेही महाविद्यालयच.

लुईस गिल्बर्ट दिग्दर्शित ‘एज्युकेटिंग रिटा’ (१९८३) हा ब्रिटिश चित्रपट याच जातकुळीतला असला तरी त्यातील विद्यार्थिनीजवळ असे कोणतेही बळ नाही. ती सव्वीस वर्षांची, विवाहित, केशकर्तनाचा व्यवसाय करणारी कामगारवर्गीय स्त्री आहे. तिला पदवीपेक्षाही अधिक काहीतरी हवे आहे, परंतु ते काय हे सांगण्यासाठी लागणारी भाषा तिच्यापाशी नाही. ती भाषा मिळविण्यासाठीच ती एका प्राध्यापकाच्या दारात उभी राहते आणि ते दार उघडत नाही, कारण त्याची मूठ बिघडलेली आहे. चित्रपटातील हा पहिला विनोद होय. पुढे हीच विद्यार्थिनी तेलाची डबी आणून ती मूठ सैल करते. प्रस्तुत लेखात या चित्रपटाची पार्श्वभूमी आणि त्याची विनोदाची रीत यांचा परिचय करून देऊन, त्यातून अध्यापनाच्या व्यवसायापुढे उभे राहणारे काही प्रश्न मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

रंगमंचावरील एक खोली

हा चित्रपट विली रसेल यांच्या त्याच नावाच्या नाटकावर आधारित असून पटकथाही त्यांचीच आहे. रॉयल शेक्सपिअर कंपनीने हे नाटक १९८० मध्ये लंडनच्या ‘वेअरहाऊस’ या छोट्या नाट्यगृहात सादर केले. पुढे ते वेस्ट एंडला गेले आणि त्या वर्षीच्या उत्कृष्ट विनोदिकेचा सन्मान त्याला मिळाला. नाटकात पात्रे दोनच, फ्रँक आणि रिटा, आणि स्थळ एकच, फ्रँकची विद्यापीठातील खोली. रिटाचा नवरा, तिची आई, तिची मैत्रीण, फ्रँकची सहचरी ही सर्व माणसे प्रेक्षकाला केवळ संवादांतून भेटतात.

रसेल यांचे चरित्र येथे अप्रस्तुत नाही. १९४७ साली लिव्हरपूलजवळ जन्मलेल्या या लेखकाने पंधराव्या वर्षी शाळा सोडली, स्त्रियांच्या केशरचनेचा धंदा शिकला आणि काही वर्षे तो केला. विशीत त्याने पुन्हा शिक्षणाची वाट धरली आणि तो शिक्षक झाला. म्हणजे खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाचे बोलणे ऐकत कात्री चालविणारी रिटा ही लेखकाने दुरून पाहिलेली व्यक्ती नव्हे. तिच्या बोलण्यातील चपळाई, विषयावरून विषयावर उडी मारण्याची सवय, समोरच्याला गप्प न बसू देण्याची हातोटी हे सारे पार्लरमध्ये घडलेले आहे. गिऱ्हाइकांची अपेक्षा काय असते, याविषयी तिचे एक निरीक्षण फार मार्मिक आहे. केस बदलले की आपण दुसरेच कोणी होऊ, असे बायकांना वाटते; परंतु बदल आतून व्हावा लागतो, असे ती म्हणते. संपूर्ण कथेचा प्रस्ताव या एका निरीक्षणात आलेला आहे, आणि तो ज्ञानशाखेच्या परिभाषेत आलेला नाही.

चित्रपटनिर्मितीची हकीकतही बोलकी आहे. दिग्दर्शक गिल्बर्ट हे काही नवखे नव्हते. ‘अल्फी’ (१९६६) आणि जेम्स बाँडचे तीन चित्रपट त्यांच्या नावावर होते. तरीही या विषयासाठी पैसा उभा करणे त्यांना जड गेले. अमेरिकेतील मोठ्या स्टुडिओने रिटाच्या भूमिकेसाठी डॉली पार्टन या गायिकेचे नाव पुढे केले होते, असे गिल्बर्ट यांनी सांगितले आहे. ती सूचना मानली असती तर पैशाची अडचण सुटली असती, पण चित्रपट राहिला नसता. रंगमंचावर रिटा साकारलेल्या, परंतु चित्रपटसृष्टीत अपरिचित असलेल्या ज्यूली वॉल्टर्स यांनाच त्यांनी घेतले आणि चित्रपट स्वतंत्र निर्मिती म्हणून तयार केला. फ्रँकची भूमिका मायकेल केन यांनी केली. या निवडीत एक गंमत दडलेली आहे. केन हे स्वतः दक्षिण लंडनच्या श्रमिक वस्तीतून आलेले नट. त्यांचा उच्चार ही त्यांची आयुष्यभराची ओळख होती. येथे मात्र ते दाढी वाढवून, वजन वाढवून सुशिक्षित मध्यमवर्गीय प्राध्यापक झाले आहेत, आणि त्यांच्यासमोर बसलेली विद्यार्थिनी आपला जन्मसिद्ध उच्चार टाकून देण्यासाठी धडपडते आहे. दोघांनाही ब्रिटिश अकादमीचे अभिनयाचे पुरस्कार मिळाले, चित्रपटाला उत्कृष्ट चित्रपटाचा मिळाला. ऑस्करसाठी दोन्ही कलावंत आणि पटकथा यांना नामांकने होती.

चित्रीकरण आयर्लंडमध्ये, मुख्यतः डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात झाले. १५९२ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत स्त्रियांना प्रवेश मिळाला तो १९०४ साली. गुलाबी पोशाख आणि उंच टाचांचे बूट घातलेली रिटा दगडी फरसबंदीवरून खडखडत चालते, तेव्हा हा इतिहास ठाऊक नसला तरी त्या दगडांचे वजन प्रेक्षकाला जाणवते.

‘हवेतील विद्यापीठ’ आणि फ्रँकची खोली

रिटा ज्या संस्थेची विद्यार्थिनी आहे तिची माहिती असल्याशिवाय चित्रपटाचा अर्धा अर्थ हाती लागत नाही. ब्रिटनमधील मजूर पक्षाचे नेते हॅरॉल्ड विल्सन यांनी १९६३ मध्ये नभोवाणी आणि दूरचित्रवाणीच्या साहाय्याने चालणाऱ्या विद्यापीठाची कल्पना मांडली. तिला ‘हवेतील विद्यापीठ’ असे म्हटले जाई. ती प्रत्यक्षात आणण्याचे श्रेय मंत्री जेनी ली यांना जाते. १९६९ मध्ये मुक्त विद्यापीठाला सनद मिळाली आणि १९७१ च्या जानेवारीत सुमारे २४ हजार विद्यार्थ्यांनिशी त्याचे काम सुरू झाले. मधल्या काळात सत्तापालट झाला होता. नव्या शिक्षणमंत्री मार्गारेट थॅचर यांनी हे विद्यापीठ बंद केले नाही, ही इतिहासातील एक लक्षणीय बाब होय. प्रवेशासाठी पूर्वीच्या कोणत्याही परीक्षेची अट नव्हती. उलट सुरुवातीच्या काळात किमान वयाची अट एकवीस वर्षांची होती. म्हणजे अन्य विद्यापीठांत ज्या वयात पदवी घेऊन बाहेर पडायचे, त्या वयाला येथे आत येण्याची मुभा मिळे.

प्रत्यक्ष अध्यापनाची रीत मात्र चित्रपटात दिसते तशी नव्हती. छापील अभ्याससाहित्य, बी.बी.सी.वरील प्रक्षेपणे (ही २००६ पर्यंत चालू होती), टपालाने पाठवायचे आणि टिपणांसह परत येणारे स्वाध्याय, अधूनमधून होणारी गटवार सत्रे आणि उन्हाळ्यातील निवासी शिबिर असे तिचे स्वरूप होते. दर आठवड्याला एक विद्यार्थी आणि एक प्राध्यापक पुस्तकांनी भरलेल्या खोलीत समोरासमोर बसले आहेत, ही ऑक्सफर्ड-केंब्रिजची परंपरा आहे. रसेल यांनी ती मुक्त विद्यापीठाला बहाल केली. दोन पात्रांच्या नाटकाची ती गरज होती, हे उघड आहे. परंतु या सवलतीमुळे एक गोष्ट झाकली जाते. दूरशिक्षणातील खऱ्या प्रौढ विद्यार्थ्याचा सर्वांत मोठा शत्रू एकटेपणा असतो. रात्री अकरानंतर स्वयंपाकघरातील टेबलावर स्वाध्याय लिहिणाऱ्या विद्यार्थिनीला तिचा प्राध्यापक म्हणजे उत्तरपत्रिकेच्या समासातील हस्ताक्षर असते. रिटाला फ्रँक मिळाला, आणि ती त्या अर्थाने भाग्यवान म्हणावी लागेल, तो कितीही मद्यपी असला तरी.

फ्रँक ब्रायंट हा एकेकाळचा कवी. आता तो विद्यापीठात साहित्य शिकवितो, पुस्तकांच्या मागे व्हिस्कीच्या बाटल्या लपवितो आणि त्या बाटल्यांचा खर्च भागावा म्हणून मुक्त विद्यापीठाचे जादा काम स्वीकारतो. आपण अत्यंत वाईट शिक्षक आहोत, असे तो पहिल्याच भेटीत प्रामाणिकपणे सांगून टाकतो. रिटा ते मानत नाही. दुसरा शिक्षक घेण्याची सूचना तर ती साफ धुडकावते.

एका वाक्याचे उत्तर

चित्रपटाचा पूर्वार्ध हा शुद्ध विनोदाचा आहे, आणि त्या विनोदाची जात समजून घेणे अगत्याचे आहे. फ्रँक यीट्सचे नाव घेतो, तेव्हा रिटाला कवी आठवत नाही. उत्तर इंग्लंडमध्ये त्याच उच्चाराच्या नावाची मद्यगृहांची एक प्रसिद्ध साखळी आहे, ती आठवते. फ्रँक यीट्सच्याच एका यमकाचा दाखला देऊन स्वरसाम्याची संकल्पना समजावितो. क्षणभर विचार करून ती म्हणते की म्हणजे हे चुकलेले यमकच झाले. यावर प्रेक्षक हसतो, परंतु तो रिटाला हसत नाही. व्याख्या अचूक आहे. वर्षानुवर्षे काव्यशास्त्र शिकविणाऱ्याला ती सुचली नव्हती, एवढेच. रिटाचे विनोद हे अज्ञानाचे नसून पहिल्या नजरेचे आहेत. ती आपल्या ‘सुसान’ या मूळ नावाऐवजी ‘रिटा’ हे नाव लावते, ते ‘रूबीफ्रूट जंगल’ या कादंबरीची लेखिका रिटा मे ब्राऊन हिच्यावरून. फ्रँकला ही कादंबरी माहीत नसते. म्हणजे अज्ञान दोन्ही बाजूंना आहे, फक्त एका बाजूच्या अज्ञानाला परीक्षेत गुण जात नाहीत.

इब्सेनच्या ‘पीअर गिंट’ या नाटकाच्या प्रयोगात येणाऱ्या अडचणी कशा सोडवाव्यात, असा एक स्वाध्याय तिला दिला जातो. रिटा त्याचे उत्तर एका वाक्यात लिहिते : ते नाटक नभोवाणीवरून सादर करावे. कोणत्याही परीक्षकाने या उत्तरासमोर काय करावे? हा प्रश्न विनोदी वाटला तरी तो तसा नाही. आपल्या आदर्श उत्तरपत्रिकांच्या आणि गुणविभागणीच्या तक्त्यांच्या आधारे पाहिल्यास या उत्तराला शून्य किंवा फार तर एक गुण मिळेल. प्रस्तावना नाही, मुद्दे नाहीत, नाटकाचा परिचय नाही, समीक्षकांची मते नाहीत. तथापि आशयाच्या दृष्टीने उत्तर बरोबर आहे. ‘पीअर गिंट’ हे काव्यनाट्य इब्सेनने १८६७ मध्ये प्रसिद्ध केले ते प्रामुख्याने वाचण्यासाठी. पर्वतातील यक्षदरबार, आफ्रिकेचे वाळवंट आणि फुटणारे जहाज हे सर्व रंगमंचावर आणणे हीच तर मुख्य अडचण आहे. केवळ आवाजाचे माध्यम स्वीकारले की ती नाहीशी होते. रिटाने प्रश्नाचे उत्तर दिले आहे. प्रश्नाने अपेक्षिलेला निबंध दिलेला नाही.

फ्रँक येथे एकदाच खऱ्या अर्थाने चांगला शिक्षक ठरतो. तो तिला हिणवीत नाही आणि तिचे कौतुकही करीत नाही. तुझे म्हणणे काय आहे ते उलगडून लिही, असे तो सांगतो. ती तिथेच बसून आणखी दोन-तीन वाक्ये लिहिते. आपण हे आवाजांसाठीचे नाटक लिहिले असल्याचे इब्सेन स्वतःच म्हणतो आणि त्याच्या काळी नभोवाणी असती तर त्याने तीच निवडली असती, असा तिचा युक्तिवाद असतो. नभोवाणीचा आधार देऊन ती आता कारणमीमांसा करू लागलेली असते. एका वाक्यापासून चार वाक्यांपर्यंतचे हे अंतर म्हणजेच अध्यापन होय, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. बाकीचे सर्व अभ्यासक्रम समितीचे काम आहे.

याच्या पुढची पायरी अधिक अवघड आहे. ई. एम. फॉर्स्टरच्या ‘हॉवर्ड्स एंड’ या कादंबरीवर लिहिताना रिटा चिडून लिहिते, कारण अगदी गरिबांचा आपण येथे विचार करणार नाही असे कादंबरीकाराने मध्येच म्हटलेले आहे. ती स्वतः त्या वगळलेल्या लोकांपैकी आहे. फ्रँक तिला सांगतो की वैयक्तिक संताप ही समीक्षा नव्हे. परीक्षेच्या दृष्टीने त्याचे म्हणणे रास्त आहे. पण येथे प्रेक्षकाला पहिल्यांदा अस्वस्थता जाणवते, कारण रिटाचा आक्षेप पुढील काळात वाङ्मयीन समीक्षेत पूर्ण मान्यता पावलेला आहे. फ्रँक तिला जी वस्तुनिष्ठता शिकवितो ती काही अंशी त्याच्याच वर्गाची दृष्टी आहे, हे त्यालाही ठाऊक असते, आणि म्हणूनच तो बाटलीकडे वळतो.

घर आणि खिडकी

विनोदिकेचा भार ज्या दृश्यांवर तोलला आहे, ती विद्यापीठाबाहेर आहेत. रिटाच्या नवऱ्याला, डेनीला, मूल हवे आहे. स्वतःला कळल्याखेरीज मूल नको म्हणून ती गुपचूप गोळ्या घेते. हे उघड झाल्यावर तो तिची पुस्तके आणि लेखनाचे कागद जाळून टाकतो. दिग्दर्शकाने डेनीला खलनायक केलेले नाही, ही समाधानाची बाब आहे. त्याला आपण लग्न केलेली मुलगी कुठे गेली ते खरोखरच समजत नाही. रिटालाही त्याची ही भांबावलेली अवस्था कळते आणि ती त्याच्याविषयी कडवटपणे बोलत नाही. घरातील एका माणसाने पुस्तक उघडले की उरलेल्यांना आपल्यावर काहीतरी आरोप झाल्यासारखे वाटते, ही गोष्ट मराठी वाचकाला नवी नाही. रमाबाई रानडे यांच्या आठवणींत घरातील वडीलधाऱ्या बायकांनी त्यांच्या इंग्रजी शिकण्यावरून केलेला छळ नोंदविलेला आहे, आणि तेथे नवरा विरोधक नव्हता, शिक्षक होता.

एका रात्री फ्रँक रिटाला आपल्या घरी जेवायला बोलावतो. ती नटून येते, हातात स्वस्त मद्याची बाटली असते, आणि खिडकीतून आत बसलेल्या पाहुण्यांना पाहून तशीच परत फिरते. ती मद्यगृहात जाते, जिथे तिचे कुटुंब गाणी म्हणत आहे. ती त्यांच्यात बसते. तेवढ्यात तिच्या लक्षात येते की गाता गाता आई रडते आहे. का विचारल्यावर आई सांगते की याहून चांगली गाणी असायला हवी होती. दुसऱ्या दिवशी रिटा फ्रँककडे येते ती हे सांगायला. नाटकात आपण हे तिच्या तोंडून ऐकतो. चित्रपटात मद्यगृह, धूर, आईचा चेहरा हे सर्व दिसते. अनेक ठिकाणी नाटक उघड्यावर आणल्यामुळे त्याची धार बोथट झाली आहे. विशेषतः फ्रँकची सहचरी आणि त्याचा सहकारी यांच्या चोरट्या प्रेमाचे प्रहसन अगदीच अनावश्यक वाटते. मद्यगृहाचे दृश्य मात्र याला अपवाद आहे. रिटा आपल्या माणसांचा तिरस्कार करून निघालेली नाही. ती आईचे रडणे ऐकून निघाली आहे. या दोन गोष्टींतील फरक ज्या शिक्षकाला कळत नाही, तो पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याचे मोठे नुकसान करू शकतो.

‘फुलराणी’चे उलटे चित्र

या कथेचे मूळ शॉच्या ‘पिग्मॅलियन’पर्यंत (१९१३) नेले जाते आणि मराठी वाचकाला पु. ल. देशपांडे यांची ‘ती फुलराणी’ (१९७५) आणि भक्ती बर्वे यांची मंजुळा आठवल्याशिवाय राहत नाही. साम्य आहेच. परंतु भेद अधिक उद्‌बोधक आहे. तेथे शिष्या ही प्राध्यापकाच्या पैजेचा विषय आहे आणि तिची भाषा ‘शुद्ध’ होणे हे त्याचे यश आहे. येथे पैज नाही. उन्हाळी शिबिराहून परतल्यानंतर रिटा ट्रिश नावाच्या सुसंस्कृत मैत्रिणीबरोबर राहू लागते आणि एके दिवशी तिच्यासारख्या घोटीव उच्चारात बोलू लागते. हिगिन्स असता तर त्याने टाळी वाजवली असती. फ्रँक तिला हे सोंग थांबवायला सांगतो. तो जेव्हा तिला ब्लेक शिकवू पाहतो, तेव्हा तिने तो शिबिरात आधीच वाचलेला असतो. प्राध्यापकाच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे उमटते ते दुःख आहे की मत्सर, हे केन यांनी अनिश्चित ठेवले आहे. त्यांच्या अभिनयातील हा सर्वांत उत्तम क्षण म्हणावा लागेल.

पुढे फ्रँक आपल्या जुन्या कविता तिला वाचायला देतो. ती त्यांची प्रशंसा करते, परंतु त्याच्याच खोलीत शिकलेल्या समीक्षेच्या परिभाषेत. आपण फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस निर्माण केला, अशा अर्थाने तो स्वतःला मेरी शेली म्हणवून घेतो आणि कविता फाडून टाकतो. नवीन गाणे मिळाले खरे, पण ते तिच्या ओठांवर पोकळ वाजते, असा त्याचा आरोप आहे.

अनेक समीक्षकांनी आणि प्रेक्षकांनी येथे फ्रँकची बाजू घेतली आहे. शिक्षणाने माणसाचा अस्सलपणा हिरावला, असा चित्रपटाचा संदेश सांगितला जातो. हे वाचन अपुरे आहे. अस्सलपणाची महती गाणे त्यालाच परवडते ज्याला दुसरी भाषा आधीपासून येत असते. फ्रँकला व्याकरण, परंपरा, परिभाषा या सर्वांचा कंटाळा येऊ शकतो, कारण ते सर्व त्याच्या मालकीचे आहे. रिटाने ते मिळविण्याआधीच त्याचा कंटाळा करावा, ही अपेक्षा अन्यायाची आहे. ती काही काळ उसने बोलते, उधारीचे विचार मांडते, ट्रिशसारखी होऊ पाहते. शिकणारा प्रत्येक जण या टप्प्यातून जातो. सतराव्या वर्षी आपण सर्वांनी ते केले आणि कोणाच्या लक्षात आले नाही. सव्विसाव्या वर्षी केले म्हणून ते उघडे पडले. ट्रिशचे आदर्श आयुष्य आत्महत्येच्या प्रयत्नापर्यंत पोचलेले पाहून रिटाला त्या संस्कृतीची मर्यादाही कळते, आणि ती शिकवायला फ्रँकची गरज लागत नाही.

अखेरच्या परीक्षेत तिच्यापुढे योगायोगाने ‘पीअर गिंट’च्या प्रयोगाविषयीचाच प्रश्न येतो. जुने एका वाक्याचे उत्तर तिला आठवते. ते लिहावे की नीट निबंध लिहावा, असा विचार ती करते आणि निबंध लिहिते. ती उत्तीर्ण होते, पण महत्त्व त्या निवडीचे आहे. पहिल्या वेळी तिच्याजवळ एकच उत्तर होते.

आपल्याकडील अभ्यासकेंद्र

ब्रिटिश मुक्त विद्यापीठाचा नमुना भारतात आला तो १९८२ मध्ये, हैदराबाद येथे. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. राम ताकवले यांच्या कुलगुरुपदाच्या काळात ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेऊन या विद्यापीठाने बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारी शिक्षणक्रमाची वाट काढली. आपल्यापैकी अनेक जण महाविद्यालयातील अभ्यासकेंद्रावर रविवारी संमंत्रक म्हणून काम करतात. तेथे येणाऱ्या अंगणवाडी सेविका, पोलीस शिपाई, बढतीसाठी पदवी हवी असलेले लिपिक आणि मुले दहावीला पोचल्यावर स्वतः पुन्हा वही उघडणाऱ्या गृहिणी यांना रिटाची गोष्ट सांगितली तर ती परकी वाटणार नाही.

मात्र एक भेद नोंदविला पाहिजे. रिटाला इंग्रजी साहित्य इंग्रजीतच शिकायचे होते. तिचा अडसर वर्गाचा आणि बोलीचा होता. आपल्या केंद्रावरील विद्यार्थिनीपुढे जात, लिंग, बोली आणि प्रमाणभाषा हे अडसर एकत्र येतात. अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलणारी बाई स्वाध्यायात मात्र संस्कृतप्रचुर वाक्ये पाठ करून लिहिते, ती तिला समजली आहेत म्हणून नव्हे, तर गुण त्यांनाच मिळतात हे तिने ओळखलेले असते म्हणून. बाजारातील तयार स्वाध्यायांची पुस्तिका ती विकत घेते. व्होनेगटकडून निबंध लिहून घेणारा व्यापारी आणि ही बाई यांत नैतिक अंतर फार मोठे आहे, परंतु दोन्ही उत्तरपत्रिका तपासणाऱ्याची पंचाईत सारखीच आहे. कारण दोन्हींत लिहिणारा सापडत नाही. तिचे एका वाक्याचे उत्तर कोणते असते, हे आपण तिला कधी विचारलेलेच नसते. सत्र दोन तासांचे, विद्यार्थी साठ, आणि अभ्यासक्रम संपवायचा असतो, हे कारण खरे आहे. तरीही एका सत्रातील पंधरा मिनिटे पुस्तक मिटून, विद्यार्थ्याच्या स्वतःच्या बोलीत उत्तर मागणे अशक्य नाही. ते उत्तर नंतर प्रमाणभाषेत कसे न्यावे, हे मग त्याच्याबरोबर बसून दाखविता येते. फ्रँकने त्या एका दुपारी केले ते एवढेच.

ब्रिटनमध्ये तरी रिटाची वाट मोकळी राहिली आहे काय, हेही पाहणे जरूर आहे. २०१२ मध्ये इंग्लंडमधील विद्यापीठीय शुल्कात मोठी वाढ झाल्यानंतर अर्धवेळ शिकणाऱ्या प्रौढांची संख्या झपाट्याने घटली. पार्लरमधील मिळकतीवर पदवीचे शुल्क भरणारी सव्वीस वर्षांची रिटा त्या कथेत ठेवायची, तर आता लेखकाला कर्जाचे एक दृश्य घालावे लागेल. कोणत्या वयात कर्ज घ्यावे आणि कोणत्या वयात ते फिटेल, याचा हिशेब प्रौढ विद्यार्थी तरुणापेक्षा निराळा करतो.

कात्री

दारूच्या नशेत व्याख्यान देताना फ्रँक व्यासपीठावरून कोसळतो आणि विद्यापीठ त्याला दोन वर्षांसाठी ऑस्ट्रेलियाला पाठवून मोकळे होते. प्रौढ विद्यार्थिनी नापास होण्याऐवजी प्राध्यापकच बाहेर फेकला जातो, हा कथेतला शेवटचा उपहास. तो तिला बरोबर येण्यास सुचवितो. ती नेमके काय करणार हे सांगत नाही, कारण पहिल्यांदाच तिच्यापुढे एकाहून अधिक वाटा आहेत आणि घाई करण्याचे तिला कारण उरलेले नाही. चित्रपटात विमानतळावरील निरोप आहे. तो हृद्य असला तरी थोडा लांबलेला आहे. नाटक त्याआधीच, त्या खोलीतच संपते. रिटा फ्रँकला खुर्चीत बसविते, त्याचे वय दहा वर्षांनी कमी करण्याचे आश्वासन देते आणि कात्री उचलते. इतकी पुस्तके वाचूनही तिने आपला जुना हात गमावलेला नाही, आणि पहिला फटका कानाजवळ लागल्यामुळे प्राध्यापक ओरडतो, तिथे पडदा पडतो.